मधले तीन सेंटिमीटर

हृदयाचा फोटो काढणं अवघड असतं, कारण ते थांबत नाही. हात, पाय, डोकं, यांना ‘हलू नका’ म्हणता येतं. हृदयाला सांगून उपयोग नसतो. मग आम्ही दोन ठोक्यांच्या मधली जागा शोधतो. एक ठोका पडतो, पुढचा पडायच्या आधी हृदय क्षणभर सैल पडतं, आणि तेवढ्यात मशीन फोटो घेतं. नाडी जितकी हळू, तितकी ती मधली जागा मोठी. म्हणून सीटीवर हृदयाच्या रक्तवाहिन्या बघायच्या असल्या की नाडी मिनिटाला पासष्टच्या खाली आणावी लागते. त्यासाठी गोळी देऊन तासभर बसवून ठेवतात. हे तासभर बसणं कुणालाच आवडत नाही. पेशंटला नाही, नातेवाइकांना नाही, आणि बाहेर रांग लागलेली असली तर आम्हालाही नाही.

हे काम मी बावीस वर्षं करतोय. आमचा विभाग रुग्णालयाच्या तळघरात आहे. एका खोलीत मशीन, शेजारच्या छोट्या खोलीत मी, मध्ये जाड काच. मशीन म्हणजे एक मोठं उभं कडं. पेशंट त्याला टायर म्हणतात. त्या टायरमधून टेबल आतबाहेर सरकतं. मशीन तापू नये म्हणून एसी कायम चालू, त्यामुळे भर उन्हाळ्यातही मी आणि सिस्टर स्वेटर घालून असतो. सिस्टर म्हणतात, "काका, आपण दोघं फ्रिजमधली भाजी. बाहेरच्यांपेक्षा चार दिवस जास्त टिकू."

प्रत्येक पेशंटला मी तेच सांगतो. दोन्ही हात डोक्याच्या वर ठेवा, छातीवर काही नको. शिरेतून डाय सोडला की अंग गरम होईल, तो रक्तात मिसळून फोटोत रक्तवाहिन्या उजळवतो. चड्डीत झाली असं वाटेल, पण झालेली नसते. यावर बहुतेक जण हसतात, आणि हसले की नाडी दोन-तीनने उतरते. मग मी काचेमागे जातो. आधी डाय न देता एक फेरी, मग डाय देऊन दुसरी. दोन्ही मिळून खरं काम मिनिटभराचं.

माझी बायको मागच्या वर्षी गेली. आमच्या इमारतीच्या जिन्यात, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर. हातात दुधाची पिशवी होती, ती फुटलीसुद्धा नव्हती.

त्याच्या बारा दिवस आधी मी तिचा सीटी काढला होता.

जिना चढताना छातीत भरून येतं, असं ती महिनाभर म्हणत होती. मी म्हणालो, चल, आमच्याकडेच करून टाकू. जेवणाच्या सुट्टीत तिला आत घेतलं. नाडी चौऱ्याऐंशी. गोळी दिली. अर्ध्या तासाने पाहिलं तरी चौऱ्याऐंशीच. बाहेर सात पेशंट बसले होते. ती म्हणाली, "अहो, तुम्ही असे घड्याळाकडे बघत बसलात तर कशी उतरेल ती?"

"मग तू माझ्याकडे बघू नकोस," मी म्हणालो.

आम्ही दोघंही हसलो. आणि मी पुढचा अर्धा तास थांबलो नाही. चौऱ्याऐंशीवरच फोटो घेतले.

हृदयाच्या उजव्या बाजूने एक रक्तवाहिनी खाली उतरते. ती वरून नीट दिसत होती, खालून नीट दिसत होती. मधले तीन सेंटिमीटर धूसर. ओल्या शाईवरून बोट फिरावं तसे. वरच्या मजल्यावर आमचे डॉक्टर बसतात, रिपोर्ट ते लिहितात. त्यांनी लिहिलं: मधल्या तीन सेंटिमीटर भागाबद्दल मत देता येत नाही, नाडी कमी करून तपासणी पुन्हा करावी.

बायको टेबलाच्या काठावर बसून ब्लाउजची बटणं लावत होती. तिने विचारलं, "काय आलं?"

"काही नाही. स्वच्छ आहे."

तिला घाबरवायचं नव्हतं, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे इतकी वर्षं हेच काम करणाऱ्या माणसाने घाईत फोटो बिघडवले, हे बायकोला सांगायची लाज वाटली. पुढच्या आठवड्यात काहीतरी निमित्त काढून पुन्हा करू असं मी ठरवलं. रिपोर्ट खणात ठेवला. पुढच्या आठवड्यात दुसरा तंत्रज्ञ रजेवर गेला.

ती गेल्यावर डॉक्टर घरी आले. खुर्चीत अवघडून बसले. म्हणाले, "पुन्हा करा म्हणून लिहिलं होतं मी. आल्या नाहीत का त्या?"

मुलगी शेजारी उभी होती. तिच्या हातात पाण्याचा ट्रे होता.

मी म्हणालो, "सांगितलं होतं मी. बघू, बघू म्हणत राहिली."

डॉक्टरांनी मान हलवली. मुलगी ट्रे तिथेच ठेवून आत गेली. आतून कपाटाचं दार जोरात आपटल्याचा आवाज आला.

हे मी पहिल्यांदाच लिहितो आहे.

पुढचे चार महिने काहीच झालं नाही. मी रोज कामावर जात होतो. मग एका मंगळवारी सकाळी एक निवृत्त पोस्टमन आले. जन्मभर सायकल मारलेला माणूस. नाडी चौपन्न, घड्याळासारखी. अशा पेशंटचे फोटो डोळे मिटून काढावेत. मी काढले. उजवी रक्तवाहिनी वरून स्वच्छ, खालून स्वच्छ, मधले तीन सेंटिमीटर धूसर.

मशीन एका ठोक्याचे दहा भाग करून फोटो देतं. एका भागात धूसर आलं तर दुसऱ्यात सापडतं. मी दहाही भाग काढले. दहाही ठिकाणी तीच जागा पुसलेली.

डॉक्टरांचा वरून फोन आला. "काय हो, पोस्टमनला टेबलावर नाचवत होता की काय?"

दुसऱ्या दिवशी पोस्टमनना परत बोलावलं. फोटो आरशासारखे आले.

सहा दिवसांनी एक शिवणकाम करणाऱ्या बाई आल्या. नाडी साठ. तीच जागा धूसर, पुन्हा काढल्यावर स्वच्छ. मग एक पोहायला शिकवणारा आला, नाडी एकोणपन्नास. तेच. आठवड्यातून एक, कधी दोन. बाकी सगळे नीट. कुणाला काही इजा होत नव्हती, फक्त फेऱ्या दोनदा माराव्या लागत होत्या. डॉक्टर आधी चेष्टा करत होते, मग त्यांनी चेष्टा करणं बंद केलं. ते मला जास्त लागलं.

इंजिनियरला बोलावलं. पाण्याने भरलेला प्लॅस्टिकचा एक गोल डबा असतो, तो पेशंटच्या जागी ठेवून मशीन तपासतात. तीन तास त्याने ते केलं. म्हणाला, "मशीन ठणठणीत आहे. तुम्ही कसे आहात?"

मी पडद्याकडे बघत होतो. पेशंटच्या छातीला चिकटवायच्या वायरी भिंतीवरच्या हुकाला लटकत होत्या. टेबलावर पाण्याचा डबा. आणि पडद्यावर नाडीची रेघ चालली होती. खाली आकडा होता, चौऱ्याऐंशी.

"वायर भिंतीतली वीज पकडते कधीकधी," इंजिनियर म्हणाला. "काहीही आकडा दाखवते."

तो गेल्यावर मी दहा मिनिटं तिथे बसलो. काहीही आकडा येत नव्हता. चौऱ्याऐंशी, चौऱ्याऐंशी, त्र्याऐंशी, चौऱ्याऐंशी. सिस्टर चहा घेऊन आल्या, त्यांचा धक्का लागून दार वाजलं. आकडा नव्वदवर गेला, आणि मग हळूहळू पुन्हा खाली आला. एखादं माणूस दचकल्यावर व्हावं तसं.

मी वायरी प्लगमधून काढून टाकल्या. त्या दिवशी चहा प्यायलो नाही.

बायकोचे फोटो मी ती गेल्यापासून उघडले नव्हते. ते उघडले. धूसर भागालाही आकार असतो, हे बाहेरच्या माणसाला पटणार नाही. दोन माणसं हलली तर दोन वेगळे डाग पडतात. मी पोस्टमनचा डाग तिच्या डागावर ठेवला. कड कडेला लागली. शिवणकामवाल्या बाईंचा ठेवला. लागली. पोहणाऱ्याचा, त्याच्यानंतरच्या दोघांचा. सगळ्यांची.

मग आणखी एक गोष्ट लक्षात आली. डाग तोच होता, पण तो प्रत्येक वेळी थोडा निवळत होता. पोस्टमनचा पार धूर. बाईंच्यात धुराला कड आलेली. पोहणाऱ्याच्यात रक्तवाहिनीची भिंत कळत होती. जणू कुणीतरी तीच तपासणी पुन्हा पुन्हा करून घेत होतं, दर वेळी थोडी जास्त स्थिर पडून. नाडी खाली आणून.

नववा पेशंट एक बेकरीवाला होता. दांडगा माणूस, बोटं जाडजूड, टेबल त्याला पुरेना. जाताना म्हणाला, "साहेब, आतून जळलोय का तेवढं सांगा, बाहेरून मीच बघतो." मी हसून मान डोलावली. पडद्याकडे बघितलं आणि हसू गेलं.

धूसर काहीच नव्हतं. बेकरीवाल्याची जाड रक्तवाहिनी उतरत उतरत आली, आणि मध्येच तीन सेंटिमीटर वेगळी होती. बारीक, बाईमाणसाची. वरच्या बाजूला सांधा नाही, खालच्या बाजूला नाही. त्या तीन सेंटिमीटरच्या मध्यावर ती आवळत आवळत सुतासारखी झाली होती.

असा फोटो दिसला की आम्ही पेशंटला टेबलावरून उठून चालू देत नाही. चाकाच्या खुर्चीत घालून थेट वर नेतात, आणि बहुतेक वेळा माणूस वाचतो. अर्ध्या तासाचा प्रश्न होता. मी थांबलो असतो तर मला हे त्याच दुपारी दिसलं असतं.

बेकरीवाल्याला परत बोलावलं. त्याची स्वतःची रक्तवाहिनी ठाकठीक निघाली.

त्यानंतर ते थांबलं. एक आठवडा, दोन, तीन. एकही फोटो बिघडला नाही. डॉक्टर पुन्हा चेष्टा करायला लागले. मला वाटलं, दाखवायचं होतं ते दाखवून झालं. मी रात्री झोपू लागलो.

एका रविवारी जेवताना मुलगी म्हणाली, "बाबा, ऑफिसचा जिना चढताना छातीत भरून येतं हल्ली."

तिचं वय सत्तावीस. हेच शब्द, ह्याच टेबलाशी, ह्याच खुर्चीतून मी ऐकले होते. मी म्हणालो, "आपण मोठ्या रुग्णालयात जाऊ. तिकडे नवीन मशीन आहे."

"घरचा माणूस सोडून?"

"मी डॉक्टर नाही."

"नखरे करू नका. आईचंही तुम्हीच केलं होतंत ना? मग माझंही तुम्हीच करा."

"दुसरीकडे केलं तर काय बिघडलं?"

तिने ताट पुढे सरकवलं. "बिघडलं काही नाही. दुसरीकडे म्हणजे आज नाही, उद्या, मग पुढच्या महिन्यात. आईसारखं. तुम्ही तिला सांगितलं होतं पुन्हा कर म्हणून, तरी बघू, बघू. मला अजून राग येतो तिचा, बाबा. देवाशपथ येतो. आपल्याला सोडून जायचं होतं का तिला? एक तास बसायला काय झालं होतं?"

माझं तोंड उघडलं होतं. तेव्हा बोलायला हवं होतं. मी ताटातला घास चिवडत राहिलो.

"शनिवारी ये," मी म्हणालो. "दुपारी गर्दी नसते."

शनिवारी ती आली. सिस्टरने तिला गाऊन दिला, छातीवर वायरी लावल्या. "काकांची लेक म्हणजे व्हीआयपी. उशी देऊ का दोन?" मुलगी हसली, पण नाडी ब्याण्णव. गोळी दिली. या वेळी मी घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. बाहेर कुणी नव्हतं. लागले तर चार तास थांबणार होतो.

ती टेबलावर बसून पाय हलवत होती. मी शेजारी स्टुलावर.

"आईला इथेच झोपवलं होतं?"

"हो."

"घाबरली होती?"

"नाही. हसत होती."

"तिला काय आलं होतं, बाबा? म्हणजे तेव्हा. नक्की काय दिसलं?"

नाडी पंच्याऐंशीवर आली होती. ती पासष्टच्या खाली यायला हवी होती. जे सांगायचं होतं ते ऐकून कुणाची नाडी खाली आली असती? मी म्हणालो, "फोटो झाल्यावर सांगतो. आता बोलू नकोस, शांत पड." हे निमित्त मला इतकं बरं वाटलं की मी सुटल्यासारखा उठलो.

चाळीस मिनिटं झाली. ऐंशी. पन्नास मिनिटं, एकोणऐंशी. मी काचेमागे होतो. मुलीने हात डोक्याच्या वर घेतले होते, डोळे मिटले होते. पडद्यावर एकोणऐंशी होतं आणि मग अठ्ठावन्न झालं.

मधले आकडे आलेच नाहीत. नाडी अशी उतरत नाही. ती उतरते ती जिन्यासारखी, एकेक पायरी.

सिस्टर म्हणाल्या, "घ्या, मिळाली. लेक गुणी आहे."

मी काचेतून बघितलं. मुलगी शांत होती. छाती हळू वरखाली होत होती. टेबलापाशी कुणी नव्हतं. मी हे मुद्दाम लिहितो, कारण मी नीट पाहिलं. टेबलापाशी कुणी नव्हतं.

पहिली फेरी घेतली. मग डाय सोडला. ती आतून ओरडली, "ई, बाबा, खरंच झाल्यासारखं वाटतंय!" सिस्टर खळखळून हसल्या. दुसरी फेरी घेतली. सिस्टर मुलीची सुई काढायला आत गेल्या, मी फोटो उघडले.

उजवी रक्तवाहिनी वरपासून खालपर्यंत स्वच्छ होती. मधले तीन सेंटिमीटर स्वच्छ. डावी स्वच्छ. भिंत गुळगुळीत, कुठे साचलेल्या कॅल्शियमचा ठिपका नाही. बावीस वर्षांत इतका सुरेख फोटो मी काढलेला नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. काचेतून मी मुलीला अंगठा वर करून दाखवला.

मग सवयीने ठोक्याचे दहा भाग एकामागून एक लावून चालवले. असं केलं की हृदय पडद्यावर आकुंचन पावतं, सैल पडतं. पेशंटला दाखवलं तर खूश होतात.

ते हललं नाही.

मला वाटलं प्रोग्राम अडकला. बंद करून पुन्हा उघडला. दहा वेगळे फोटो होते, दहांवर दहा वेगळ्या वेळा होत्या. दहाही सारखे. नाडीची रेघ खाली चालली होती, ठोके पडत होते. हृदय एका जागी होतं.

कुणीतरी ‘हलू नकोस’ म्हटल्यासारखं.

आम्ही डॉक्टरांना पाठवतो तो फोटो फक्त हृदयाचा असतो, कडेचं सगळं कापलेला. पण मशीन पूर्ण छाती टिपतं. मी पूर्ण चौकट उघडली. पहिली फेरी आधी.

बरगड्या, फुप्फुसं, खाली टेबलाची कमान, वर गाऊनची पातळ रेघ. आणि गाऊनच्या वर, हवेत, पाच लहान पांढरी वर्तुळं.

बोटं आडवी कापली की अशी दिसतात. बोटांच्या हाडांचे काप. चार एका ओळीत, पाचवं जरा बाजूला, जाड.

मुलीचे दोन्ही हात डोक्याच्या वर होते.

मी एकेक फोटो खाली सरकवला. वर्तुळं जवळ आली, जुळली, तळहाताची हाडं झाली, मग मनगटाची. मनगट चौकटीच्या बाहेर गेलं. हात उजव्या बाजूने आला होता. मी स्टूल ठेवलं होतं त्या बाजूने.

पहिल्या फेरीत हात आणि छाती यांच्यात दोन बोटं जागा होती.

दुसरी फेरी उघडली.

जागा नव्हती. हात छातीवर टेकला होता. पाचही बोटांखाली कातडी दबली होती, प्रत्येकाखाली एक छोटा खळगा. बोटं पसरलेली होती, सैल. हाडांना हाडाचा रंग होता. हाडांभोवती मांस असायला हवं, तिथे काही नव्हतं. हवा होती.

पाठीमागे दार उघडलं.

मुलगी होती. कपडे बदलून आली होती, केस सावरत. "छातीतलं भरून येणं एकदम थांबलं, बाबा. मधे काय झालं कुणास ठाऊक, इतकं शांत वाटलं." ती माझ्या खांद्यावरून वाकून बघू लागली. मी पडदा बदलला. नुसतं हृदय ठेवलं.

"काय आलं?"

सांगायचं होतं. फोटो झाल्यावर सांगतो, असं मी म्हणालो होतो. फोटो झाले होते. नाडीचं निमित्त संपलं होतं. ती माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या आईबद्दलचा राग तिच्या कपाळावर तसाच होता, बारीक आठीसारखा. एक वाक्य पुरलं असतं.

"काही नाही," मी म्हणालो. "स्वच्छ आहे."

"आणि आईचं सांगणार होतात."

"तुला माहीत आहे ते. तिने ऐकलं नाही."

मुलीने मान डोलावली. शेजारच्या खोलीत, रिकाम्या टेबलाच्या वर, एसीच्या झोताने वायरी हुकावर हलत होत्या.

डॉक्टरांनी रिपोर्ट लिहिला, सर्व सामान्य. वरून फोन करून म्हणाले, "अशा पेशंट रोज आणत जा." पूर्ण चौकटीचे फोटो मी त्यांना पाठवले नव्हते. ते मी पुसून टाकले.

महिन्याभरात मुलीची बदली झाली. दुसऱ्या शहरात तिने खोली घेतली. आठवड्यातून दोनदा फोन येतो. खुशाल असते. आईचा विषय निघाला की म्हणते, जाऊ द्या. कामावर सगळं नीट चाललं आहे. आकडे पेशंटचेच असतात, फोटो साफ येतात. आता मला त्याची जास्त भीती वाटते. जे इथे होतं, ते इथे नाही.

काल दुपारी साडेतीनला फोन आला. मुलीच्या शहरातल्या एका सीटी सेंटरची तंत्रज्ञ. दहा वर्षांपूर्वी माझ्या हाताखाली शिकली होती, अजून सर म्हणते.

"सर, तुमची मुलगी आज येऊन गेली आमच्याकडे. छातीत भरून येतं म्हणाली. तुम्हाला कळवू नका म्हणत होती, काळजी करतील म्हणून. पण आडनाव बघितलं आणि राहवलं नाही."

"काय आलं?" मी विचारलं.

"रक्तवाहिन्या एकदम छान, सर. फोटो तर इतके स्थिर, की मी सगळ्यांना बोलावून दाखवले. फक्त एक..." ती थांबली. मागे कुणीतरी तिला काही विचारत होतं, त्याला तिने हाताने गप्प केलं असावं. "मी हात वर ठेवायला सांगितलं होतं, सर. तुम्ही शिकवलंय तसंच. काचेतून बघत होते, हात वरच होते. पण मोठ्या चौकटीत छातीवर एक हात आलाय."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मूठ आहे, सर. घट्ट मिटलेली. डॉक्टर मलाच ओरडले, पेशंटकडे लक्ष नव्हतं म्हणून. असेल, माझीच चूक असेल. तिने मधेच हात खाली घेतला असेल."

"असेल," मी म्हणालो.

"पण मला एक कळत नाहीये, म्हणून तुम्हाला विचारते. तिच्या मुठीत काहीतरी आहे. लहानसं, मऊ. आधी मला रुमाल वाटला." तिचा आवाज खाली आला. "पण डाय त्यातही गेलाय, सर. डाय तर तिच्याच रक्तातून जातो ना?"